जुन्या डेस्कटॉपला एसएसडी की ४ टीबीची हार्ड डिस्क?

मामेभावाचा डेस्कटॉप २००९चा. त्यात एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घालू की ४ टीबीची हार्ड डिस्क, असं त्याने विचारलं. आधी कॅबिनेट उघड म्हटलं. डिस्क जोडायची जुनी रुंद, ४० पिनांची केबल निघाली असती तर दोन्ही बाद; निघाली बोटभर रुंदीची साटा, म्हणजे तिच्यानंतर आलेली केबल.

एसएसडी बिनघोर चालते. साटा-२ (साटाची दुसरी पिढी) पोर्टवर वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आतच राहतो, तरी विंडोज झटक्यात उघडतं. अडीच इंची असल्याने ब्रॅकेट लागतं. मी तर दुहेरी टेपने चिकटवली होती.

जागेच्या मानाने हार्ड डिस्क स्वस्त, पण जुन्या बायोसवर (मशीन चालू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम) विंडोज सुरू करायला एमबीआर ही डिस्कचे भाग पाडायची जुनी पद्धतच लागते आणि ती २ टीबीपुढे जात नाही. जीपीटी ही नवी पद्धत वापरली तर डिस्क नुसती साठवणीला.

मशीन रांगत असेल तर एसएसडी घे. लग्नाचे व्हिडिओच ठेवायचे असतील तर १ टीबीची हार्ड डिस्क पुरे.