विणकामाची पिशवी शिवताना: आधी तोंड ठरवा, मग कापड

विणकामासाठी पिशवी शिवायची म्हटलं की पहिली धाव कापडाच्या दुकानाकडे जाते. छान प्रिंट मिळालं की निम्मं काम झालं असं वाटतं. पण ही पिशवी कामाला येणार की कपाटात पडून राहणार, ते तिच्या तोंडावर ठरतं. भाजीच्या पिशवीत वस्तू एकदा आत जाते आणि एकदा बाहेर येते. इथे मात्र गुंडा आत, विण मांडीवर आणि मधला धागा तास-दीड तास काठावरून सरकत राहतो. तो जिथे जिथे घासतो तिथे लोकरीला कूस सुटते, आणि जिथे अडकतो तिथे ताण बदलून टाके लहानमोठे पडतात. म्हणून आधी तोंड ठरवा, मग अस्तर, माप आणि शेवटी कापड.

तोंडाचे प्रकार

उघडं तोंड सगळ्यात सोपं. दोन तुकडे, अस्तर, दोन पट्टे, काम संपलं. घरी खुर्चीशेजारी ठेवून विणायचं असेल तर यापेक्षा जास्त काही लागत नाही, उलट धागा इतका मोकळा दुसऱ्या कशातच येत नाही. मात्र ठाणे-वाशी किंवा ठाणे-पनवेल लोकलमध्ये मांडीवरची पिशवी जराशी कलली की गुंडा सीटखाली जातो आणि धागा लोकांच्या पायात. मध्ये एक टिचबटण लावलं तर पिशवी चालताना बंद राहते आणि दोन्ही बाजूंच्या फटींतून धागा बाहेर काढता येतो. टिचबटण हाताने टाके घालून शिवायचं असतं, म्हणून त्याच्यामागे अस्तराच्या आत बकरमचा (कापडाला ताठपणा देणाऱ्या कडक कापडाचा) लहान चौकोन ठेवा. नाहीतर काही दिवसांत कापड फाटून बटण हातात येतं.

चुंबकाचं बटण दिसायला नीटनेटकं, लावायलाही सोपं. पण स्टीलच्या सुया, लोकर शिवायची जाड सुई, टाचण्या सगळ्या त्याला जाऊन चिकटतात. ॲल्युमिनियमच्या किंवा बांबूच्या सुया वापरत असाल तर हरकत नाही.

चेन लावायचा मोह सगळ्यांना होतो, कारण बंद झाली की सामान सुरक्षित. मात्र विणताना ती थोडी उघडी ठेवावी लागते आणि नेमका त्या उघड्या टोकाशी धागा दात्यांत जातो. केसाळ लोकर असेल तर तो सोडवताना तंतू तुटतातच. चेनच हवी असेल तर धातूच्या दात्यांची टाळून पाच नंबरची नायलॉनची घ्या आणि तिच्या आतल्या बाजूने दोन्हीकडे दीड-दोन सेंमीची कापडी झडप बसवा. अस्तर आणि बूड असलेल्या पिशवीला चेन लावणं नवशिक्याला या सगळ्यांत अवघड जातं, हेही हिशेबात धरा. रोज गर्दीत फोन-पाकीट याच पिशवीत ठेवणार असाल तरच हा खटाटोप करावा.

वेलक्रो कुठेही नको, खिशालासुद्धा नको. त्याचे आकडे लोकर पकडून तंतू उपसतात. विणलेला भाग एकदा त्याला चिकटला की सोडवताना विणीची पृष्ठभागावरची लव निघून येते आणि ती जागा कायमची वेगळी दिसते.

राहिली नाडीची कॉलर: पिशवीच्या काठावर पातळ सुती कापडाची उभी पट्टी आणि तिच्यात दोन बाजूंनी ओढायच्या नाड्या. शिवायला तासभर जास्त जातो, पण प्रवासात विणणाऱ्यासाठी दुसरं काही सुचवावंसं वाटत नाही. नाडी अर्धवट ओढली की धागा मऊ कापडाच्या चुण्यांमधून येतो, पिशवी उलटली तरी गुंडा आतच राहतो आणि लांब सुयांची टोकं झाकली जातात.

उभ्याने विणणाऱ्यांसाठी एक वेगळी जात आहे, गाठीची जपानी पिशवी. तिला एक कान लांब आणि एक आखूड असतो. लांब कान आखूड कानातून ओवला की तोंड बंद, आणि पिशवी मनगटात अडकते. बाळंतविड्यातलं टोपडं, मोजे, हातमोजे एवढं काम तिच्यात मजेत मावतं, मोठ्यांचा स्वेटर मावत नाही. कानांच्या गोलाईवर शिवण झाल्यावर मायेला (शिवणीबाहेर राखलेल्या कापडाला) दर सेंटिमीटरला कात्रीने खाच द्यावी लागते. खाचा दिल्या नाहीत तर पिशवी सुलटी केल्यावर गोलाई चुण्या पडून बसते.

कापड: मांजरपाट, कॅनव्हास की जुनी जीन्स

मांजरपाट स्वस्त, शिवायला मऊ आणि कुठल्याही घरगुती मशीनवर १४ नंबरच्या सुईने निघणारा. पण त्याला अंग नसतं. एकेरी शिवला तर पिशवी मांडीवर मिटते आणि दर वेळी तोंड हाताने उघडावं लागतं. शिवाय अणकुचीदार सुया त्याच्यातून सरळ बाहेर येतात. पहिली पिशवी सरावासाठी करायची असेल तर जरूर घ्या, किंवा पडद्यांच्या दुकानातलं केसमेंट घ्या. ते मांजरपाटापेक्षा भरीव असतं आणि रंगही बरे मिळतात.

सुती कॅनव्हास ८ ते १० औंसाचा, म्हणजे साधारण २७० ते ३४० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घ्यावा. पिशवी रिकामीही उभी राहते आणि घरगुती मशीनला १६ नंबरच्या सुईने झेपते. १२ औंसाचा दुकानात हातात घेतल्यावर भारी वाटतो, पण कोपऱ्यावर त्याचे चार थर एकत्र आले की मशीन अडतं. एकच पिशवी करणार असाल तर कॅनव्हास घ्या.

जुनी जीन्स फुकट आणि टिकाऊ. अडचण तिच्या शिवणींची आहे. मांडीजवळचा पाय उघडला की ४४ सेंमी रुंदीचा तुकडा निघतो, पण मधोमध एक शिवण राहतेच. ज्या शिवणीवर बाहेरून दोन समांतर टिपा दिसतात ती दुमडलेली आणि जाड असते. पाय त्या शिवणीवर कापून उघडा, म्हणजे मध्ये साधी, पातळ शिवण राहील. तरीही बुडाशी ती आडवी येते, तिथे १८ नंबरची सुई लावा आणि शिवण हातोडीने ठोकून चपटी करून मगच मशीनखाली घाला. नव्या गडद डेनिमचा निळा रंग पांढऱ्या लोकरीवर उतरतो. ओलं पांढरं फडकं जोरात घासून बघा, फडकं निळं झालं तर ते कापड या कामाला नको. वर्षानुवर्षं धुतलेल्या जीन्सला हा त्रास सहसा नसतो.

अस्तर चुकलं की सगळं चुकलं

बाहेरचं कापड कुठलंही चालेल, अस्तर मात्र गुळगुळीत, घट्ट विणीचं आणि फिकट एकरंगी असावं. पॉपलिन किंवा केंब्रिक. गडद फुलाफुलांच्या अस्तरात पडलेली टाचणी किंवा खुणेची रिंग सापडत नाही. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात, वाशी-नेरुळला कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजच्या अस्तराचे तागे असतात, त्यातलंच पॉपलिन चालतं. विरळ विणीचं अस्तर टाळा, त्यात सुईची टोकं रुततात.

अस्तराऐवजी आतल्या कडा नुसत्या इंटरलॉक करून भागेल का, असं बरेच जण विचारतात. भाजीच्या पिशवीला भागतं. इथे इंटरलॉकचे सुटे फास लोकरीत अडकतात, त्यामुळे अस्तर हवंच.

पावसाळ्यासाठी जलरोधक अस्तर लावायची कल्पना आकर्षक वाटते, पण आपल्याकडच्या दमट हवेत ती उलटते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही हाताला कोरडी लागते. असा दमट गुंडा हवा न जाणाऱ्या अस्तरात बंद राहिला की कुबट वास धरतो. त्यापेक्षा अस्तर सुतीच ठेवा आणि जून ते सप्टेंबर प्रवासापुरता गुंडा प्लास्टिकच्या पाकिटात घाला. घरी आलात की बाहेर काढा.

कॉलरच्या पिशवीचं माप आणि शिवण

इथून पुढे कॅनव्हासची कॉलरवाली पिशवी धरली आहे. कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरा सुती कॅनव्हास मीटरमागे तीन ते पाच सेंमी सहज आटतो. न भिजवता शिवलात तर पहिल्या धुण्यानंतर बाहेरचं कापड आटतं आणि अस्तर आत फुगून बसतं.

कॅनव्हास ५८ इंची पन्ह्याचा (रुंदीचा) अर्धा मीटर पुरतो. त्यातून ४४ सेंमी रुंद आणि ३८ सेंमी उंच असे दोन तुकडे (पुढची तुकड्यांची मापंही सेंमीत). पॉपलिन ४४ इंची पन्ह्याचं पाऊण मीटर: अस्तराचे तेवढेच दोन तुकडे, कॉलरचे ४४ बाय २२ चे दोन, खिशाचा २४ बाय ४० चा एक. दीड इंची सुती पट्टा १.७ मीटर, नाडी सव्वादोन मीटर. नाडी सुतीच घ्या, सॅटिनची गाठ सुटते. सगळीकडे माया १ सेंमी, टाका ३ मिमी.

तयार पिशवी वर ४२ सेंमी रुंद, ३० उंच आणि बुडाशी १२ खोल होते. ५० ग्रॅमचे आठ-दहा गुंडे आणि अर्धा झालेला मोठ्यांचा स्वेटर त्यात बसतो. ३५ सेंमीच्या सरळ सुया उभ्या ठेवल्या तर काठावर पाच सेंमी येतात, त्या कॉलरमध्ये झाकल्या जातात. फक्त वायरच्या गोल सुयांवर विणत असाल तर रुंदीत आठ सेंमी कमी केले तरी चालतील, कॉलर आणि अस्तरही तेवढंच कमी करा.

पट्टे सगळ्यात आधी लावा, पिशवी अजून सपाट असताना. ८५ सेंमीचे दोन पट्टे करा. टोक २ सेंमी आत दुमडून वरच्या काठापासून ३ ते ८ सेंमी या भागात चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारा. दोन टोकांच्या आतल्या कडांत १४ सेंमी अंतर ठेवा. वरचे ३ सेंमी मोकळे सोडल्यामुळे नंतर काठाची शिवण घालताना पट्टा बाजूला धरता येतो. बहुतेक जण पट्ट्याची टोकं काठाच्या शिवणीत कोंबतात. तिथे पट्टा, कॅनव्हास, कॉलर आणि अस्तर एकत्र आले की सुई मोडते. मशीन जुनं असेल तर तेवढे चार चौकोन अल्टरवाल्याकडून मारून घ्या, त्याच्या मशीनला ते सहज जमतात.

खिशाचा तुकडा आडवा दुमडून २४ बाय २० करा, घडी वर येऊ द्या. तळाशी आतून बकरमची तीन सेंमी रुंद पट्टी ठेवून अस्तराच्या एका तुकड्यावर बसवा, मग उभ्या टिपांनी कप्पे पाडा. बकरम वगळलं तर दोन्हीकडे टोक असलेल्या सुया महिन्याभरात खिशाची शिवण उसवतात.

बाहेरचे दोन तुकडे बाजूंनी आणि खालून जोडा. अस्तरही तसंच, पण तळाच्या शिवणीत मध्ये १५ सेंमी जागा सोडायला विसरू नका. पिशवी सुलटी करायची वाट तीच. अस्तराची माया दीड सेंमी घेतली तर ते आत फुगत नाही, फक्त वरच्या दहा सेंमीत ती हळूहळू एकवर आणा, म्हणजे काठाचा घेर जुळेल. बुडासाठी बाजूची आणि तळाची शिवण एकमेकींवर येईल असा कोपरा चपटा करा, टोकापासून ६ सेंमीवर आडवी रेघ मारा. ती रेघ १२ सेंमी भरली पाहिजे. भरली नाही तर शिवणी एकमेकींवर नीट बसलेल्या नाहीत आणि पिशवी एका बाजूला झुकेल. शिवा, एक सेंमी सोडून टोक कापा.

कॉलरच्या बाजू खालून वर शिवत या आणि वरचे ७ सेंमी उघडे ठेवा. ही उघडी जागा मिटली की नाडीची वाट बंद, आणि चूक कळते ती सगळं झाल्यावर. माया दोन्हीकडे उघडून टीप मारा. मग वरची कड १ सेंमी, नंतर ३ सेंमी अशी आतल्या बाजूला दुमडून खालच्या कडेने शिवा.

आता बाहेरची पिशवी सुलटी धरा. कॉलर उलटी करून तिच्यावर चढवा, म्हणजे दोघींच्या सुलट्या बाजू समोरासमोर येतील आणि कॉलरची कच्ची कड काठाला भिडेल. कच्ची टीप मारा. हे सगळं उलट्या अस्तरात घाला, बाजूच्या सगळ्या शिवणी जुळवा आणि काठावर गोल शिवण घाला. अस्तरातल्या जागेतून पिशवी बाहेर ओढा, ती जागा हाताने शिवा, कॉलर वर उभी करून काठाखाली अर्ध्या सेंमीवर दाब टीप मारा. ही टीप टाळू नका, तिच्यामुळेच अस्तर वर डोकावत नाही. नाडीचे ११० सेंमीचे दोन तुकडे सेफ्टी पिनने ओवा, एक डावीकडून पूर्ण फिरवून डावीकडे, दुसरा उजवीकडून उजवीकडे.

टाके सुटत असतील तर ताण बदलायच्या आधी सुई बदला, कॅनव्हास सुई लवकर बोथट करतो. धुताना अस्तर बाहेर ओढून वाळत घाला. पावसाळ्यात दोन थरांमधला ओलावा जायला दोन दिवसही लागतात, तोवर लोकर आत ठेवू नका.