४० पौंडांचा म्हणून विकलेला दोरा सहा किलोला तुटला

नागपुरातून कन्हान, वैनगंगा किंवा गोसीखुर्दच्या फुगवट्यावर गळ टाकायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. सध्या मोबाइलवर ‘इम्पोर्टेड ब्रेडेड लाइन, ८ पदरी, ४० पौंड, ५०० मीटर’ अशा, म्हणजे विणलेल्या दोऱ्याच्या, जाहिराती धडाधड फिरताहेत. त्यातलंच एक रीळ मी मागवलं आणि माझी सरळसरळ फसवणूक झाली. पैसे गेलेच. पण त्या दोऱ्यापायी नदीच्या तळाशी गळ आणि लांबच लांब दोरा राहून गेला, याची चीड मला जास्त आहे.

व्यवहार असा झाला. समाजमाध्यमावरचं एक पान, ऑर्डर चॅटवर, पैसे आधी आणि तेही एका खासगी नंबरवर. भाव चांगल्या दोऱ्याच्या निम्म्याहून कमी. कारण विचारलं तर उत्तर, ‘दादा, माल थेट कंटेनरमधून उतरतो, मधे दलाल नाही.’ पाकीट आलं ते चकचकीत, त्यावर होलोग्राम, जपानी अक्षरं. आयात कोणी केली, पत्ता काय, महिना-वर्ष कोणतं, छापील किंमत किती, यातलं काहीच नाही.

आता हा खोटा आकडा नदीवर काय करतो ते नीट सांगतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं. कामठीजवळ कन्हानचं पाणी उतरलं की तळाला खडक, मुळं, जुन्या बांधकामाचं लोखंड लागतं. गळ अडकणारच. म्हणून जाणती माणसं मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवतात. मुख्य दोरा मजबूत, त्याच्या टोकाला त्याहून कमी ताकदीचा तंगूस (न विणलेला, एकसंध दोरा) आणि शिसं आणखी बारीक दोऱ्यावर वेगळं बांधलेलं. शिसं अडकलं तर तेवढंच तुटतं. गळ अडकला तर टोकाचा तंगूस तुटतो आणि मुख्य दोरा सगळा परत येतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरा सुटायचा ते ठरवणारा ब्रेक, तोही दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर लावायचा, म्हणजे मोठा मासा ओढू लागला की दोरा तुटण्याआधी सुटत जातो.

ही सगळी मांडणी पाकिटावरच्या आकड्यावर उभी असते. ४० पौंड म्हणजे साधारण १८ किलो. त्या हिशेबाने मी टोकाला २० पौंडी, म्हणजे नऊ किलोचा तंगूस बांधला आणि ड्रॅग पाच किलोच्या आसपास ठेवला. गळ दगडात अडकला, ओढ दिली आणि दोरा तुटला तो रॉडजवळ. तंगूस शाबूत, मुख्य दोराच गेला. गळ, शिसं, स्विव्हल (फिरती कडी) आणि मागे फेकलेला अख्खा दोरा पाण्यात. नंतर एक दमदार मासा लागला, तेव्हाही ड्रॅग सुटायच्या आतच दोरा गेला. त्या माशाच्या तोंडात माझा गळ आणि मागे तो दोरा राहिला, हे मला अजून छळतं. त्याच काठावर म्हशी पाण्यात उतरतात, पोरं पोहतात, ढीवर बांधव जाळी टाकतात. दोरा त्यांच्याही पायात येतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर ठरलेलं होतं, ‘दादा, तुमची गाठ बरोबर नसेल.’ हे वाक्य ऐकून बरेच जण गप्प बसतात, कारण त्यात थोडं तथ्य असतं. गाठीने दोऱ्याची ताकद कमी होते. साध्या गाठीने तर निम्म्यापर्यंत जाते, गाठ ओली न करता आवळली तर आणखी. पण माझा दोरा गाठीवर तुटलाच नव्हता, मधूनच तुटला होता. तुटलेलं टोक आधी बघा. टोकाला पिळलेली गाठीची खूण असेल तर गाठीचा दोष, टोक खरवडलेलं असेल तर दगडाचा. माझं टोक स्वच्छ होतं.

काठावर नेहमी भेटणाऱ्या एका ढीवर काकांनी त्या दोऱ्याचा तुकडा पाण्यात दाबून सोडला. तो सरळ तळाला गेला. ‘भाऊ, हा तं बुडून राह्यला. ब्रेडचा दोरा असा बुडत नाही. कोनं देल्ला हा तुम्हाले?’

काका बरोबर होते. खरा ब्रेडेड दोरा सहसा पॉलिइथिलिनचा असतो. तो पाण्यापेक्षा हलका, म्हणून तरंगतो. नायलॉन हळूहळू बुडतो, पॉलिएस्टर त्याहून लवकर. घरी वाटीभर पाण्यात साबणाचा थेंब टाकून तुकडा बोटाने पूर्ण दाबा, नाहीतर बुडणारा दोराही पृष्ठभागावर अडकून तरंगल्यासारखा वाटतो. मग टोक सुईने उकला आणि पदर मोजा. माझ्या ‘८ पदरी’ दोऱ्यात वीण नव्हतीच, तीन पदरांचा नुसता पीळ होता आणि वर मेणासारखा लेप. रंग बोटाला लागतो यावरून मात्र काही ठरवू नका, चांगल्या दोऱ्याचाही रंग जातो.

ताकद तपासायला बॅग मोजायचा वजनकाटा पुरतो. दोऱ्याला गाठ न मारता एका गुळगुळीत पाइपाला सात-आठ वेढे द्या, दुसरं टोक काट्याच्या हुकावर तसंच गुंडाळा, हाताला जाड कापड बांधा, डोळे सांभाळा आणि सावकाश ओढा. माझा दोरा सहा किलोच्या आसपास तुटला. गाठ मारून ओढला तर जेमतेम चार. म्हणजे पाच किलोवर लावलेला ड्रॅग कधी सुटणारच नव्हता. नायलॉनचा तंगूस असेल तर तो आधी तासभर भिजवून मग ओढा, ओला नायलॉन थोडा कमजोर होतो आणि नदीत तो ओलाच असतो.

तक्रारीचं सांगतो. पाकीटबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, छापील किंमत आणि नग किंवा लांबी लिहिणं २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे, आयात मालावर मूळ देशही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता सुरतेत असो की दिल्लीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. मी १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. उरलेलं रीळ, पाकीट, चॅट, पैसे पाठवल्याची नोंद आणि काट्यावर दोरा तुटतानाचा व्हिडिओ, सगळं जपून ठेवलंय.

ते पान आता दिसत नाही. तेच फोटो, तोच होलोग्राम असलेलं दुसरं पान वेगळ्या नावाने सुरू आहे. तिथेही पत्ता नाही, पैसे आधीच मागतात आणि दोऱ्याची जाडी मिलिमीटरमध्ये विचारली की उत्तर येत नाही.