अंकपाटी झकास, माळेत मात्र एक मणी कमी

गेल्या महिन्यात अप्पा बळवंत चौकातून नातवासाठी अंक शिकायचा लाकडी संच आणला. सांगितले ६४०, घासाघीस करून ६०० ला मिळाला. खोक्यात तीन वस्तू: अंक कोरलेली पाटी, खणांची पेटी आणि तिच्या ४५ काड्या, शिवाय शंभर मण्यांची माळ. शंभर असं खोक्यावर छापलंय. त्याबद्दल पुढे बोलते.

आधी पाटी. एका बाजूला आपले अंक, उलटी केली की इंग्रजी. खोबण चांगली बोटभर रुंद आहे, कडा घासून गुळगुळीत केल्यात, कूस लागत नाही. पेन्सिल नको, नुसत्या बोटाने गिरवायचं. आमचा छोटा सव्वापाच वर्षांचा, मोठ्या गटात, शाळा इंग्रजी. त्यामुळे मराठी १ दिसला की तो ‘नाइन’ म्हणायचा आणि ४ दिसला की ‘एट’. त्याचं तरी काय चुकलं? आपला १ आणि त्यांचा नऊ शेजारी-शेजारी लिहून बघा एकदा. डोळ्यांना जो फरक कळत नव्हता तो बोटाला आठवड्यात कळला. उणीव एकच. कुठून सुरुवात करायची याची खूण नाही. पठ्ठ्या ६ खालून वर गिरवत होता. मी सुनेच्या नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका दिला प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला. हे काम खरं तर बनवणाऱ्याचं.

पेटी मला सगळ्यांत आवडली. माँटेसरीतला जुनाच प्रकार आहे हा. शून्य ते नऊ असे दहा खण. एकच्या खणात एक काडी, दोनच्यात दोन, असं करत नऊचा खण भरला की हात रिकामा झाला पाहिजे. एक ते नऊची बेरीज ४५, म्हणून काड्याही बरोबर ४५. मध्ये कुठे गडबड झाली की शेवटी काड्या उरतात नाहीतर कमी पडतात. आपण ‘चुकलास’ म्हणायची गरजच नाही, त्याचं तोच परत सगळं ओतून बसतो. पोस्टात काउंटरवर उभा जन्म गेला माझा. संध्याकाळी रोकड जुळली नाही की पोटात कसा गोळा येतो ते मला विचारा. तोच गोळा त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. पहिले दोन दिवस मात्र हिशेब काही केल्या जुळेना. शून्याच्या खणात तो गुपचूप एक काडी ठेवत होता. “त्याला पण हवी ना!”

आता माळ. दहा लाल, दहा निळे, परत दहा लाल अशी. खरी कसरत विसाच्या पुढे सुरू होते. ‘त्रेचाळीस’ म्हटलं की तीन आधी ऐकू येतात, पोर बिनदिक्कत ३४ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे २९. हे एकोणांचं गाडं एकोणनव्वदपर्यंत घोटून घ्यावं, तर ९९ ला एकोणशंभर नाही, नव्याण्णव! २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ आणलं तेव्हा तावातावाने विरोध करणाऱ्यांत मीही होते. रोज पोराशेजारी बसायला लागल्यावर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकरांचं, दहा आधी म्हटले की पोरांना सोपं जातं हे म्हणणं थोडं थोडं पटतंय. थोडंच. त्रेचाळीस ते त्रेचाळीसच. पण माळेवर चार दहा सोडून पुढच्या तीन मण्यांनंतर कपड्याचा चिमटा लावला की तो ४३ बरोबर लिहितो, हे खरं.

एके दुपारी पहिल्यांदाच सबंध माळ मोजायला बसवला. शेवटच्या मण्यावर बोट आणि तोंडात नव्याण्णव. म्हटलं, मोज परत, एखादा मणी निसटला असेल. परत नव्याण्णव. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा मी ओरडले, त्याने खालचा ओठ काढला. संध्याकाळी तोच माळ घेऊन आला, “आजी, हे लाल नऊच आहेत.” चष्मा लावून पाहिलं. पाचव्या दहात नऊ मणी! एवढं काउंटरवर आयुष्य काढून मी आधी माळ मोजली नव्हती.

दुकानात गेले तर उत्तर काय, “आजी, एका मण्याने काय होतंय?” दुसरा संच शिल्लक नाही, सुटी माळ मिळत नाही. मी ५९९ रुपये दिले असते तर चाललं असतं का, असं विचारलं. तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन माळ उसवली. जुन्या तोरणातला पांढरा मणी पाचव्या दहाच्या शेवटी ओवला. आता छोटा मोजताना “एकोणपन्नास, आजीचा मणी, एक्कावन्न” असं म्हणतो. पन्नासला पन्नास म्हण, म्हणून मागे लागायचं मी सोडून दिलंय. उलट निम्मी माळ कुठे संपते ते लांबूनही दिसतं.

पाटी आणि पेटीसाठी संच जरूर घ्या. फक्त मणी दुकानातच मोजा, मागे रांग लागली तर लागू दे.