जुन्या एमजीबीचा क्लच आणि 'कोरी' म्हणून गळ्यात मारलेली प्लेट

एका क्लच प्लेटपायी, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या तबकडीपायी, माझे 374 पौंड 90 पेन्स बुडाले. रक्कम पेन्सांपर्यंत देतो आहे, कारण ज्यांच्या ज्यांच्याकडे मी तक्रार घेऊन गेलो, त्या प्रत्येकाने रक्कम तशी किरकोळ आहे असे मला ऐकवले. ब्रिटनमध्ये राहून जुन्या गाड्या घरच्या घरी दुरुस्त करणारे आपल्यापैकी बरेच जण आहेत. निदान त्यांनी तरी हे वाचावे, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

माझी गाडी 1972 सालची एमजीबी आहे, म्हणजे ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात तयार होत असलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार. चढावर इंजिनाचा आवाज वाढे, पण वेग वाढत नसे. क्लच घसरतो आहे हे उघड होते. या गाडीत गिअरबॉक्स खालून एकटा उतरवता येत नाही. बॉनेट, रेडिएटर आणि दोन्ही कार्बोरेटर काढून इंजिनच वर उचलावे लागते. साहजिकच गॅरेजवाला या कामाची मजुरी भरपूर सांगतो, आणि म्हणून मी इंजिन उचलण्याची क्रेन शनिवार-रविवारसाठी 52 पौंड भाड्याने आणून ते स्वतः करायचे ठरवले.

नवा क्लच संच दुकानात 139 पौंडांना मिळत होता. तरीही मी एका संकेतस्थळावरच्या जाहिरातीतून 185 पौंड आणि टपालखर्चाचे 14 पौंड 50 पेन्स, असे 199 पौंड 50 पेन्स देऊन 'त्या काळातला, न वापरलेला' संच घेतला. हल्लीच्या सुट्या भागांना, विशेषतः पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या ग्रॅफाइटच्या रिलीज बेअरिंगला, जुन्या मालाची सर नाही, असे मी अनेक जाणत्या मालकांकडून ऐकले होते. शिवाय, वडील वारले असून त्यांचे गॅरेज रिकामे करतो आहे, असे विकणाऱ्याने लिहिले होते. माझे वडील जाऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्याच्या शब्दावर मी विश्वास का ठेवला, हे वाचणाऱ्याला कळेल.

संकेतस्थळाचे कमिशन वाचवू म्हणून त्याने पैसे थेट बँक खात्यात मागितले. पैसे भरताना खातेदाराचे नाव जुळत नसल्याची सूचना पडद्यावर आली. खाते बायकोचे आहे, हे त्याचे उत्तर मी मान्य केले. अशी सूचना आली की व्यवहार तिथेच थांबवा. विक्रेत्याचे स्पष्टीकरण ऐकूसुद्धा नका.

पण मला रात्री झोप लागू देत नाही ती चूक वेगळीच आहे. शनिवारी संध्याकाळी इंजिन साखळीला लटकत होते, फ्लायव्हील, म्हणजे ज्यावर ही प्लेट दाबली जाते ते इंजिनाचे जड चाक, पुसून झाले होते आणि ती आठ इंची प्लेट माझ्या हातात होती. माझा चौदा वर्षांचा मुलगा टॉर्च धरून उभा होता. त्याने विचारले, "बाबा, प्लेट नवी आहे तर मधले दाते असे घासून चकचकीत कसे झालेत?" मी त्याच्यावर खेकसलो. प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर अगदी सहज सरकली, तेव्हा मला समाधान वाटले. वास्तविक तेवढ्यावरून दाते झिजलेले नाहीत असे ठरत नाही. प्लेटच्या स्प्रिंगांवर काळा रंग ताजा होता आणि त्याखाली गंजाचे खड्डे स्पष्ट जाणवत होते. लायनिंगचे, म्हणजे प्लेटवरच्या घासल्या जाणाऱ्या थराचे, रिव्हेट पृष्ठभागाच्या जवळजवळ बरोबरीला आले होते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमच्या फियाटसाठी प्लेट घेताना वडील प्रत्येक रिव्हेटवर नख लावून पाहत आणि नख पुरेसे आत गेले नाही तर ती प्लेट परत करत. मी त्यांच्या शेजारी उभा असे. म्हणजे मला माहीत नव्हते असेही म्हणता येत नाही. क्रेन रविवारी संध्याकाळी परत करायची होती, सोमवारी कामावर जायचे होते, आणि म्हणून मी डोळ्यांना दिसत असलेले मान्य केले नाही.

सुमारे 260 मैलांनंतर गाडी पहिल्या गिअरमध्ये थरथरू लागली, मग क्लच पुन्हा घसरू लागला. इंजिन दुसऱ्यांदा उतरवले तेव्हा लायनिंगचा एक तुकडा सुटलेला होता आणि रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर चर पाडला होता. कुणाच्या तरी गाडीतून काढलेली प्लेट रंगवून एका नामांकित कंपनीच्या अस्सल जुन्या खोक्यात घातली होती. क्रेनचे पुन्हा 52 पौंड, ऑइल, कूलंट आणि गॅस्केट यांचे 63 पौंड 40 पेन्स, फ्लायव्हील घासून सपाट करण्याचे 60 पौंड, आणि त्या संचाचे 199 पौंड 50 पेन्स, असे एकूण 374 पौंड 90 पेन्स. नव्या संचाचे 139 पौंड मी यात धरलेले नाहीत, कारण ते एरवीही द्यावे लागलेच असते.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. त्या काळच्या क्लच लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक तंतुमय खनिज, असू शकते, आणि ब्रिटनने 1999 मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. म्हणजे माल अस्सल असता तरी तो घेणे चूकच होते. बंद घरगुती गॅरेजमध्ये, मुलगा शेजारी असताना, मी ती धूळ कोरड्या ब्रशने झटकली. जुन्या क्लचची धूळ कधीही झटकू नका किंवा हवेने उडवू नका.

यानंतर सुरू झाली दारोदार फिरण्याची शिक्षा. फसवणुकीची नोंद करणाऱ्या यंत्रणेचा अर्ज भरायला पाऊण तास लागला. उत्तरादाखल एक क्रमांक मिळाला आणि काही आठवड्यांनी, तपास करण्याइतकी माहिती नाही, असे पत्र आले. खाते क्रमांक, संदेश, छायाचित्रे, पाकिटावरचा टपालाचा शिक्का, हे सगळे मी दिले होते. आणखी कोणती माहिती हवी होती, हे कुणी सांगितले नाही. पोलीस ठाण्यात हा दिवाणी वाद असल्याचे उत्तर मिळाले. ग्राहक मदतवाहिनीवरच्या बाईंनी सौजन्याने सगळे लिहून घेतले आणि एकेकट्या ग्राहकासाठी अधिकारी कारवाई करतीलच असे नाही, असे सांगितले. संकेतस्थळाने पैसे आमच्यामार्फत दिलेच नाहीत म्हणून हात झटकले.

सर्वांत संताप आला तो बँकेचा. फसवून पैसे पाठवायला लावले गेले, तर बँकांनी ते परत करावेत, असा नियम 7 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. माझ्या बँकेने कळवले की मला वस्तू मिळालेली आहे, म्हणून हा फसवणुकीचा प्रकार नसून मालाच्या दर्जाविषयीचा खासगी वाद आहे, आणि शिवाय नाव न जुळल्याची सूचना आम्ही दिलीच होती. भंगार रंगवून नामांकित कंपनीच्या खोक्यात घालणे ही फसवणूक नसेल, तर त्या शब्दाचा अर्थ काय उरतो? खोके रिकामे पाठवले असते, तर कदाचित माझी बाजू बळकट झाली असती. वस्तू पाठवण्यामागचा त्या माणसाचा हिशेब हाच असावा.

खासगी विक्रेत्यावर मालाच्या दर्जाची कायदेशीर जबाबदारी फारशी नसते, पण वस्तू वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे. म्हणून जाहिरातीचे शब्द आणि छायाचित्रे पैसे देण्यापूर्वीच जपून ठेवा. माझ्या वेळी जाहिरात दोन दिवसांत गायब झाली होती. 100 पौंडांहून महाग वस्तू ओळखीच्या दुकानातून थेट क्रेडिट कार्डाने घेतली, तर 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या 75 व्या कलमानुसार कार्ड देणारी संस्थाही जबाबदार ठरते. आणि इंजिन उचलण्याआधी, हाताशी भरपूर वेळ असताना, खोके उघडून दाते आणि रिव्हेट तपासा.

बँकेच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, दाद मागता येते. तो अर्ज मी केला आहे आणि प्लेट, खोके, छायाचित्रे एका पेटीत ठेवली आहेत. गेल्याच आठवड्यात दुसऱ्या नावाने तीच जाहिरात पुन्हा दिसली. खोके तसेच, खालचा हिरवा टेबलक्लॉथ तोच, आणि वारलेल्या वडिलांचे गॅरेजही तेच. मी ती लगेच नोंद यंत्रणेला कळवली. पहिले प्रकरण बंद झाले आहे, नवा अर्ज भरावा, असे उत्तर आले. मी तो भरला.