समुद्री बर्फ: उपग्रहाला विचारावं की गावाला?

आर्क्टिकच्या समुद्री बर्फावर प्रबंध करायचं ठरलंय, पण माहिती कुठून घ्यायची यावर गाडी अडलीय, अशा विद्यार्थ्यासाठी हे लिहितोय. पर्याय ढोबळमानाने तीन: उपग्रहाच्या नोंदी, किनाऱ्यावरच्या गावांतल्या निरीक्षकांच्या नोंदी, आणि गावकऱ्यांनी उपकरणं वापरून केलेली मोजणी. मार्गदर्शक बहुधा ‘तिन्ही घ्या’ म्हणतील. त्यांचं काय जातं? वर्षं तुमची जाणार.

उपग्रहाची बाजू भक्कम आहे. ऑक्टोबर १९७८ मध्ये निंबस-७ हा उपग्रह अवकाशात गेला, तेव्हापासूनची नोंद (पुढे त्याच्या जागी आलेल्या उपग्रहांची धरून) जवळजवळ सलग आहे. बर्फातून आणि पाण्यातून मुळातच बाहेर पडणाऱ्या सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) हे उपग्रह टिपतात, त्यामुळे ध्रुवीय रात्र असो वा ढग, काम थांबत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकचा बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला, हे अख्ख्या महासागराचं चित्र कुठल्याही गावातून दिसलं नसतं. शिवाय हा सगळा साठा घरबसल्या, फुकट उतरवून घेता येतो.

मेख आहे ती चौकटीच्या आकारात: नकाशा चौकटींचा बनलेला असतो आणि प्रत्येक चौकटीला एकच आकडा मिळतो. या जुन्या नोंदीतली एक चौकट साधारण २५ किलोमीटर रुंद, म्हणजे चर्चगेटपासून अंधेरीच्या पुढपर्यंतची मुंबई एका ठिपक्यात. किनाऱ्याजवळ त्या ठिपक्यात जमीनही मिसळते. उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचली की उपग्रहाला तिथे उघडा समुद्र असल्याचा भास होतो. २०१४ पासूनचा सेंटिनेल-१ हा उपग्रह रडारने खूप बारीक बघतो, पण त्याची चित्रं वाचायला शिकण्यातच तुमचं एखादं सत्र जाईल.

आता अलास्काच्या उत्तर टोकावरचं उत्कियाग्विक घ्या. बॅरो म्हणून नकाशात सापडायचं तेच. वसंतात इथल्या इन्युपियाट या मूळ रहिवासी समाजाचे शिकारी किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फाच्या कडेला तळ ठोकून बोहेड देवमाशाची वाट बघतात. त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न असतो, हा बर्फ धरून राहील का? वारा आणि प्रवाह बर्फाचे तुकडे एकमेकांवर रेटतात, त्यांचे उंच बांध तयार होतात. बांधाचा तळ समुद्राच्या तळाला टेकला असेल तर बर्फ खुंटीला बांधल्यासारखा राहतो. टेकला नसेल तर वारा फिरला की अख्खा पट्टा सुटून समुद्रात. १९९७ च्या मे महिन्यात असाच पट्टा सुटला आणि शंभराहून जास्त माणसं त्याच्यासोबत वाहत गेली. हेलिकॉप्टरने सगळ्यांना सोडवलं. त्या आधीच्या दिवशी सूक्ष्मलहरींच्या नकाशावर तिथे काय दिसलं असतं? भरपूर बर्फ. सुटणाऱ्या बर्फाचा आणि टिकणाऱ्या बर्फाचा रंग नकाशात एकच.

हा फरक टिपायलाच अलास्का विद्यापीठाने, फेअरबँक्सला, २००६ च्या सुमारास गावातल्या अनुभवी लोकांकडून रोजच्या नोंदी लिहून घ्यायला सुरुवात केली: वारा, प्रवाह, भेगा, बर्फावरून कोण कुठवर गेलं, कुठले प्राणी दिसले. पुढे इतर गावंही जोडली गेली. अलास्कातल्याच वेल्स या गावात तर बर्फाच्या प्रकारांचे शंभराहून अधिक शब्द जमले आहेत. हे ‘किस्से’ समजू नका. १९७७ मध्ये शास्त्रज्ञांच्या मोजणीत बोहेड फार कमी भरले म्हणून शिकारीवर बंदीची वेळ आली. शिकारी सांगत होते, देवमासे बर्फाखालूनही जातात, तुम्ही फक्त उघड्या पाण्यातले मोजताय. पुढे पाण्याखाली मायक्रोफोन सोडले तेव्हा शिकारी बरोबर ठरले.

पण डोळे झाकून भाळूही नका. निरीक्षक शिकारीला गेला की वहीत खाडा पडतो. नजर पोचेल तेवढाच टापू. एकाचं ‘पातळ’ दुसऱ्याचं ‘ठीक’ असू शकतं, आणि शब्दांवर सांख्यिकी चालवणं हे वेगळंच दुखणं आहे.

मधला मार्ग कॅनडात आहे. न्यूफाउंडलँडच्या मेमोरियल विद्यापीठातून निघालेला स्मार्ट-आइस हा उपक्रम नेन आणि पाँड इनलेटसारख्या, इन्युइट या मूळ रहिवाशांच्या गावांत रुजला. बर्फात गोठवून ठेवलेलं यंत्र हवा, हिम, बर्फ आणि पाणी यांचं तापमान मोजतं, त्यावरून जाडी कळते. दुसरं यंत्र स्नोमोबाइलमागच्या घसरगाडीत बसवलेलं असतं, ते वाटेवरची जाडी जाता जाता नोंदवतं. कुठे मोजायचं हे गाव ठरवतं. आकडा हवा आणि तो माणसाच्या वाटेवरचा हवा, तर मला हाच पर्याय सगळ्यात पटतो. अडचण एवढीच की मोजणी काही मोजक्या वाटांपुरती असते आणि वर्षं थोडी. चाळीस वर्षांचा कल यातून काढू नका.

माझं मत विचाराल तर, प्रश्न पावसाळ्याशी किंवा हवामानाच्या दीर्घ कलाशी जोडलेला असेल (वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन केंद्रात असं काम चालतं), तर उपग्रह घ्या आणि गावांच्या वाट्याला जाऊ नका. दोन ओळींच्या शोभेसाठी लोकांच्या नोंदी वापरणं बरं दिसत नाही. प्रश्न किनाऱ्याचा, वाटांचा, बर्फ कधी धरतो आणि कधी फुटतो याचा असेल, तर गावाच्या नोंदी आधी, उपग्रह मागून पडताळ्याला. ‘हिमाद्री’ या भारताच्या आर्क्टिक संशोधन केंद्रावर जायला मिळणार म्हणून हा दुसरा मार्ग निवडत असाल तर थांबा. आपलं ते केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे, आणि स्वालबार्डला मूळ रहिवासी समाजच नाही.

गावाचा मार्ग धरलात तर वेळ आणि पैसा आधीच बाजूला काढा. कॅनडातल्या इन्युइटांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये संशोधनाचं धोरणच जाहीर केलंय: विषय ठरवण्यात आणि माहितीच्या मालकीत त्यांचा वाटा हवा. निरीक्षकाला मानधन आणि श्रेय द्या, शिकारीच्या जागा नकाशावर उघड्या करू नका. आणि प्रस्ताव लिहायच्या आधी पत्र पाठवा, तेही हिवाळ्यातच. एप्रिल-मेमध्ये उत्तर येत नाही म्हणून हिरमुसू नका, तेव्हा गाव बर्फावर असतं.