टोफू, टेम्पे की थेट इक्वॉलची गोळी?

पाळी जायच्या वयात अंगातून गरम वाफा येऊ लागल्या की कोणीतरी सोया सुचवतंच. एकीला त्याने उतार पडतो, दुसरीला काडीचाही फरक जाणवत नाही. याचं एक कारण मोठ्या आतड्यात असू शकतं: तिथले जिवाणू सोयापासून इक्वॉल नावाचं द्रव्य बनवतात की नाही.

सोयाबीनमधली आयसोफ्लाव्होन, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनशी साधर्म्य असलेली द्रव्यं, बहुतांशी साखरेच्या रेणूला बांधलेली असतात. ही गाठ सुटल्याशिवाय ती रक्तात नीट शिरत नाहीत. टोफू आणि सोया दुधात ती सोडवायचं काम आतड्यातली एन्झाइम्स आणि जिवाणू करतात. टेम्पे, मिसो, नाट्टो या आंबवलेल्या सोयाच्या पदार्थांत आंबवतानाच ते बरंचसं उरकलेलं असतं. म्हणून आंबवलेल्या सोयातलं आयसोफ्लाव्होन रक्तात लवकर पोचतं. पण एवढ्यासाठी न आवडणारा, तारा सुटणारा नाट्टो गिळत बसू नये, असं माझं मत. मिसोत तर मीठही भरपूर.

खरा फाटा फुटतो तो गाठ सुटल्यावर. डेडझीन नावाच्या आयसोफ्लाव्होनवर अ‍ॅडलरक्रॉयत्झिया, स्लॅकिया असे जिवाणू टप्प्याटप्प्याने हायड्रोजन चढवतात आणि त्याचं इक्वॉल होतं. (1932 साली ते गाभण घोडीच्या मूत्रात सापडलं, नावातला घोडा तिथूनच आला.) इस्ट्रोजेनच्या बीटा रिसेप्टरवर, म्हणजे पेशीत हे हार्मोन जिथे बसतं त्यातल्या एका जागेवर, ते डेडझीनपेक्षा घट्ट बसतं. मात्र हे जमणारे जिवाणू पाश्चात्त्य देशांत साधारण 25 ते 30 टक्के लोकांकडेच आढळतात. जपान, कोरिया, चीनमध्ये 50 ते 60 टक्क्यांकडे. ज्यांच्याकडे ते नाहीत, त्यांनी कितीही टोफू खाल्ला तरी इक्वॉल बनत नाही. आयसोफ्लाव्होनची महागडी गोळी घेतली तरी तेच.

म्हणून गोळी घेण्याआधी चाचणी. तीन दिवस रोज सोया खायचा आणि चौथ्या दिवशी लघवीतलं इक्वॉल व डेडझीन यांचं गुणोत्तर मोजून घ्यायचं. इक्वॉल बनत असेल, तर मी ताटातल्या सोयावरच थांबेन. प्रथिनं मिळतात ती वेगळीच. बनत नसेल आणि वाफांचा त्रास खरोखर असेल, तर इक्वॉलच्या गोळीचा विचार करता येतो. जपानमधल्या चाचण्यांत रोज 10 मिलिग्रॅम देतात, आणि ते इक्वॉलही जिवाणूंकडून सोया आंबवूनच काढलेलं असतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारूनच.

अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच झाला असेल, तर चाचणी थोडी पुढे ढकला. जिवाणूंची घडी विस्कटलेली असते. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर ती आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी पुरती शोषली जात नाही.