काठमांडूचा अनाथाश्रम की ऊसतोडीची कोपी?

शेजारची मुलगी यंदा बी.ए. झाली. दिवाळीनंतर दोन महिने मोकळी आहे, म्हणून काठमांडूच्या एका अनाथाश्रमात लहान मुलांसोबत काम करायचं तिच्या डोक्यात आहे. ‘काकू, जाऊ का? का इथंच सांगलीत काही बघू?’ असं विचारत माहितीपत्रक घेऊन आली.

नेपाळ सोपं वाटतं हे खरं. आपल्याला व्हिसा लागत नाही, हिंदीवर निभावतं. पण काम करायला जायचं आणि वर फीही आपणच भरायची, हे मला आधी खटकलं. ती फीच सगळ्याचं मूळ आहे. १९९६ ते २००६ च्या यादवीत हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी ‘शहरात शिकवतो’ म्हणून मुलं नेली, त्यासाठी आईबापांकडूनच पैसे घेतले आणि कागदावर त्यांना अनाथ केलं. यादवी संपली, पण देणगी आणि फी भरणारे पाहुणे येत राहिले, म्हणून आश्रमांना मुलं लागत राहिली. कंबोडियातही हेच झालं. ऑस्ट्रेलियानं २०१८ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना हा व्यापार त्याच पंगतीत बसवला. सगळेच आश्रम असे असतात असं नाही. पण पोलीस पडताळणीही न मागता तुम्हाला मुलांच्या खोलीत सोडत असतील, तर तिथं आणखी कोण कोण शिरलं असेल याचा विचार करा.

मग इथलं बालगृह? पंचविशीत मी एका बालगृहात आठ रविवार गेले होते. चार वर्षांची एक पोरगी पहिल्याच दिवशी मांडीवर येऊन बसली. मी हुरळले. तिसऱ्या रविवारी बघते तर सिलिंडर टाकायला आलेल्या माणसाच्याही कडेवर तीच. शेवटच्या दिवशी एवढंच म्हणाली, ‘तू कधीपर्यंत आहेस?’ अनोळखी माणसाला असं लगेच बिलगणं ही संस्थेत वाढलेल्या मुलांत वारंवार दिसणारी खूण आहे, हे मला फार उशिरा कळलं. रोमानियात बुखारेस्टमधल्या अनाथाश्रमांतल्या मुलांवरच्या अभ्यासात दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुलं जास्त सावरलेली दिसली. त्यामुळे दोन महिन्यांसाठी लळा लावायला जाऊ नका, इथंही नको. वर्षभर दर शनिवारी गणित शिकवणार असाल, तर जरूर जा.

दोनच महिने हातात असतील तर माझं मत ऊसतोडीच्या टोळ्यांकडे झुकतं. हंगामात बीडकडून टोळ्या उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे टोळीच्या हिशेबात एक ‘कोयता’; दोघंही पहाटेच फडात. कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, आठ वर्षांची बहीण आणि तिच्या काखेत तान्हं. सकाळचे तीन तास त्या पोरांना गाणी, अक्षरं, अंघोळ. तान्ह्याचं वजन करायला जवळच्या अंगणवाडीत न्यायचं. धुरळा भरपूर, संडासाची पंचाईत, आणि टोळी मध्येच दुसऱ्या फडाला हलली की सगळं मुसळ केरात. पण तुम्ही निघून गेलात तरी संध्याकाळी त्या पोराची आई घरी येतेच. माझ्या लेखी हा फरक सगळ्यात मोठा.

फिरायची आवड नसेल तर कागदांचं काम आहे. एकट्या आईला बालसंगोपन योजनेतून एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, पण नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘सुरेश’ आणि आधारवर ‘सुरेशराव’ असं निघालं की ती बिचारी चार हेलपाटे घालून गप्प बसते. असा एक अर्ज तडीस नेला, तर एखादं पोर बालगृहात जायचं वाचतं. फोटोत मात्र यातलं काही दिसत नाही. तसे मुलांचे फोटो कुठंच टाकू नका. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणं तर २०१५ च्या बालन्याय कायद्यानं गुन्हाच आहे.

‘मग नेपाळ?’ ती हिरमुसली. म्हटलं, मार्चनंतर जा की, डोंगर बघायला. आत्ता टोळ्या आल्या की आधी टोळी आणणाऱ्या मुकादमाला भेट. सकाळी नको, तो वैतागलेला असतो. चारनंतर गाडी भरून गेली की जरा बोलतो.